मुंबई कॉमिक कॉन आणि शहरातील विनोदाचे प्रयोग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉमिक कॉन म्हणजे कॉमिक पुस्तकांचे प्रदर्शन का?

सुरुवात तशीच झाली होती. अमेरिकेतील सॅन डिएगो शहरात १९७० साली एका हॉटेलात काहीशे चाहते जुनी कॉमिक्स विकण्यासाठी, विकत घेण्यासाठी आणि ती काढणाऱ्या चित्रकारांना भेटण्यासाठी जमले, आणि त्या मेळाव्यातून हा प्रकार जगभर पसरला. आज कॉमिक कॉनच्या मंडपात पुस्तकांइतकीच जागा चित्रपट, वेबमालिका, ॲनिमे म्हणजे जपानी ॲनिमेशनपट आणि मालिका, व्हिडिओ गेम, खेळणी आणि टी-शर्ट यांनी व्यापलेली असते. जत्रेत देव एकच असला तरी पाळणे, रेवड्या, बांगड्या आणि तमाशाचा तंबू असे सगळेच असते, तसे हे आहे. फरक इतकाच, की इथे देवही पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाचे भक्त आपापल्या देवाचा पोशाख घालून येतात.

भारतात हा मेळावा कधी सुरू झाला आणि मुंबईत तो कुठे भरतो?

जतिन वर्मा यांनी सुरू केलेल्या कॉमिक कॉन इंडियाचा पहिला मेळावा फेब्रुवारी २०११ मध्ये दिल्लीच्या दिल्ली हाटमध्ये भरला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो मुंबईत, कफ परेडच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये आला. पुढे काही वर्षे गोरेगावच्या नेस्को संकुलातील प्रदर्शन केंद्र हे त्याचे ठिकाण होते आणि अलीकडे तो वांद्रे-कुर्ला संकुलातील जिओ वर्ल्ड कन्व्हेन्शन सेंटरमध्ये भरू लागला आहे. २०२४ च्या जानेवारीत नॉडविन गेमिंग या कंपनीने सुमारे ५५ कोटी रुपयांना कॉमिक कॉन इंडिया विकत घेतल्याचे जाहीर झाले. ही कंपनी मूळची ई-स्पोर्ट्समधली, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धा भरवणारी. त्यामुळे गेमिंगचा भाग इतका ठळक का असतो, हा प्रश्न ज्यांना पडतो त्यांना यात उत्तराचा काही भाग सापडेल.

मुंबईतील मेळाव्याची तारीख दिवाळीसारखी पंचांगावरून काढता येत नाही. तो कधी हिवाळ्यात भरला आहे, तर २०२४ साली २० आणि २१ एप्रिलला, म्हणजे ऐन उन्हाळ्यात. रजा टाकण्यापूर्वी अधिकृत घोषणा पाहावी.

तिकीट कधी काढावे आणि त्यात काय मिळते?

शक्य तितके आधी आणि ऑनलाइन. तिकीट एका दिवसाचे असते, लवकर काढणाऱ्यास ते बहुधा स्वस्त पडते आणि शनिवारच्या तिकिटावर रविवारी प्रवेश मिळत नाही. तिकिटासोबत एखादे कॉमिक आणि पोस्टर अशी भेट देण्याची प्रथा आहे. महागड्या तिकिटांबरोबर खेळणी, टी-शर्ट वगैरे मिळतात. संग्रहाची आवड नसेल, तर साधे तिकीट काढून उरलेले पैसे आतल्या चित्रकारांकडे खर्च करावेत, असे आमचे मत आहे.

शनिवार बरा की रविवार?

चित्रकारांशी बोलायचे असेल तर शनिवारी दारे उघडताच जावे. दुपारी दोननंतर, विशेषतः रविवारी, गर्दीत माणूस चालत नाही, वाहत जातो.

आत गेल्यावर सर्वांत आधी काय पाहावे?

मुख्य मंच, मोठे पडदे आणि कंपन्यांचे दालन समोरच असते आणि नवखा माणूस साहजिकच तिकडे वळतो. आमचा सल्ला उलटा आहे. स्वतंत्र चित्रकारांची लहान लहान टेबले ज्या पट्ट्यात मांडलेली असतात, तो आर्टिस्ट ॲली हा भाग आधी गाठावा. पडद्यावर दाखवली जाणारी झलक पुढे घरबसल्या पाहता येते. पण ज्याने एखादे पुस्तक लिहिले, काढले, स्वतःच्या पैशाने छापले आणि पिशवीतून वाहून आणले, तो माणूस समोर बसलेला इथेच भेटतो.

एक टेबल नमुन्यादाखल पाहा. सहा फुटांचे टेबल, त्यावर काळे कापड, मागे घडीच्या स्टँडला क्लिपांनी अडकवलेली छापील चित्रे, पुढे पारदर्शक पाकिटांत स्टिकर आणि बुकमार्क, आणि कोपऱ्यात क्यूआर कोडची पाटी. सकाळी चित्रकार हसतमुख असतो. दुपारपर्यंत त्याने तीच गोष्ट शंभर जणांना सांगितलेली असते आणि जेवणाचा डबा टेबलाखाली तसाच असतो. अशा वेळी एखाद्याने पुस्तकाचे मधले पान उघडून, ‘ही चौकट अशी तिरकी का ठेवलीत?’ असे विचारले, की त्याचा चेहरा पाहण्यासारखा होतो. काही जण मागणीप्रमाणे तिथल्या तिथे चित्र काढून देतात. त्यासाठी सकाळी नाव नोंदवावे आणि भावासाठी घासाघीस करू नये. छपाईचा खर्च वजा जाता त्यांच्या हाती फार थोडे उरते.

प्रकाशकांपैकी अमर चित्र कथा आणि ‘टिंकल’ ही नावे वेगळी सांगायला नकोत. अनंत पै यांनी १९६७ साली अमर चित्र कथा सुरू केली आणि १९८० मध्ये ‘टिंकल’ आले. त्यांच्या पुढच्या पिढीत विवेक गोयल यांची होली काऊ एंटरटेनमेंट, याली ड्रीम क्रिएशन्स आणि हिंदी-इंग्रजीत तिरकस विनोद करणारी बकरमॅक्स ही नावे वाचकांना परिचित आहेत. प्रत्येक प्रकाशक प्रत्येक वर्षी येतोच असे नाही, म्हणून जाण्यापूर्वी सहभागींची यादी पाहावी.

मराठी कॉमिक्स मिळतात का?

फारच थोडी, आणि मुंबईत भरणाऱ्या मेळाव्याविषयी असे लिहावे लागते ही आमची जुनी तक्रार आहे. मराठी वाचकाला चित्रकथेचे वावडे कधीच नव्हते. इंद्रजाल कॉमिक्समधून फँटम हा ‘वेताळ’ होऊन आपल्या घरात आला आणि त्या पिढीतील कित्येकांना तो परदेशी आहे हे बऱ्याच उशिरा कळले. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ १९९१ पासून ‘सकाळ’मध्ये येऊ लागला आणि वर्तमानपत्र मागच्या बाजूने उघडण्याची सवय त्याने अनेक घरांना लावली. दिवाळी अंकांतील व्यंगचित्रांची परंपरा तर स्वतंत्र लेखाचा विषय आहे. ‘आवाज’च्या खिडकीचित्रांत पानाला खिडकी कापून मागच्या चित्राचा थोडाच भाग दाखवण्याची जी युक्ती होती, तिला आजच्या भाषेत ‘इंटरॅक्टिव्ह’ म्हटले गेले असते.

२९ जुलै १९२५ रोजी जन्मलेल्या शि. द. फडणीस यांची शब्दविरहित हास्यचित्रे ही तर भाषेची अडचण मुळातच नसलेली चित्रकला. व्यंगचित्र कसे घडते हे रंगमंचावर प्रत्यक्ष दाखवणारा ‘चित्रहास’ हा त्यांचा कार्यक्रमही लोकप्रिय होता. म्हणजे चित्रकाराने मंचावर येऊन प्रेक्षकांना हसवणे ही गोष्ट मुंबई-पुण्याला कॉमिक कॉनने शिकवली असे कोणी म्हणत असेल, तर त्याला थोडे थांबवावे.

मराठीत काही हवे असेल तर टेबलांवर मराठीतच विचारावे. अनेक तरुण चित्रकार मराठी आहेत. मराठी पुस्तकाला गिऱ्हाईक नाही हा त्यांचा समज कोणीतरी विचारल्याशिवाय बदलणार नाही.

कॉसप्ले म्हणजे फॅन्सी ड्रेस स्पर्धाच ना?

कॉसप्ले म्हणजे आवडत्या पात्राचा पोशाख घालून त्याच्यासारखे वावरणे. शाळेच्या गॅदरिंगमधील फॅन्सी ड्रेसशी त्याचे नाते आहे, पण ते दूरचे. फॅन्सी ड्रेसमध्ये ओळख पटली की काम झाले. कॉसप्लेमध्ये पात्राच्या पट्ट्यावरील बक्कल कोणत्या भागात बदलले हेही पाहणारे परीक्षक आणि प्रेक्षक असतात. नाव जपानमध्ये १९८० च्या दशकात रूढ झाले. आपल्याकडे त्याचा खरा पूर्वज शोधायचा तर तो बहुरूपी. पोलिसाच्या वेशात दारात उभा राहून, खोटेच वॉरंट काढून, यमक जुळवत घरच्यांना हसवणारा रायरंद, म्हणजे बहुरूपीच, ज्यांनी पाहिला आहे, त्यांना सोंग म्हणजे नुसता पोशाख नव्हे हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. उत्तम कॉसप्लेअर तेच करतो. कॅमेरा समोर येताच त्याची उभे राहण्याची पद्धत, मान आणि हातांची बोटे त्या पात्राची होतात, आणि कॅमेरा बाजूला जाताच तो घाम पुसत पाणी मागतो.

सध्या मुंबईच्या मेळाव्यात सुपरहिरोंइतकीच, किंबहुना काही वेळा त्यांच्याहून जास्त, गर्दी ॲनिमेतील पात्रांची दिसते.

पोशाख घरी तयार करता येतो का?

येतो, आणि तोच मान मिळवून देतो. तयार पोशाख मागवणे सोपे आहे, भाड्याचा हवा असेल तर नाटकवाल्यांच्या ड्रेपरीच्या दुकानांत राजाचा अंगरखा किंवा सैनिकाचा गणवेश मिळू शकतो. मात्र ॲनिमेतील पात्र तिथे सापडेलच असे नाही.

कापडासाठी मुंबईत मंगलदास मार्केट आणि दादरचे हिंदमाता, पुण्यात तुळशीबाग आणि लक्ष्मी रस्ता. चिलखत, शिरस्त्राण आणि तलवार यांसाठी ईव्हीए फोमच्या शीट वापरतात. जिमच्या जमिनीवर एकमेकांत अडकवायच्या ज्या चटया असतात, त्या याच जातीच्या. आधी कागदाचा साचा कापून तो अंगाला लावून पाहायचा, मग धारदार कटरने फोम कापायचा, हीट गनने गरम करून गुडघ्यावर किंवा पातेल्यावर दाबून गोलाई द्यायची आणि सांधे चिकटवायचे. चिकटवताना दोन्ही कडांना काँटॅक्ट ॲडहेसिव्ह लावून ते हाताला चिकटेनासे होईपर्यंत थांबावे लागते. इथेच सगळ्यांची घाई होते. आमच्या घरात भाच्याने रात्री दोन वाजता ओल्या कडा जोडल्या, आणि एप्रिलच्या उन्हात कुर्ल्याहून निघालेल्या रिक्षात त्याच्या छातीचे कवच मधोमध उकलले. पुढचा सगळा दिवस तो योद्धा दोन्ही हात छातीशी घेऊन, जणू नमस्काराच्या तयारीत, फिरत होता. पिशवीत सुई-दोरा, सेफ्टी पिना, दुहेरी चिकटपट्टी आणि सुपरग्लू ठेवावा.

तलवार, धनुष्य, बंदूक आत नेता येते का?

फोमची किंवा हलक्या प्लास्टिकची, आणि तीही प्रवेशद्वारावर तपासून घेतल्यावर. धातूची धार, काच, ज्वलनशील पदार्थ आणि खरे वाटेल असे अग्निशस्त्र यांना परवानगी नसते. लांब वस्तू घेऊन लोकलने येणार असाल, तर ती कापडात गुंडाळून आणावी.

कॉसप्लेअरचे छायाचित्र काढण्यास विचारावे लागते का?

होय, दर वेळी. पोशाख सार्वजनिक असला तरी आतला माणूस नव्हे. बहुतेक जण आनंदाने थांबतात, पण खांद्यावर हात टाकणे, विग ओढून पाहणे, कमरेला धरून सेल्फी काढणे हे प्रकार सर्रास घडत आले आहेत आणि त्यांबद्दल आयोजकांच्या मदत कक्षाकडे तक्रार करता येते. जेवत असलेल्या किंवा शिरस्त्राण काढून बसलेल्या माणसाला तेवढा वेळ सोडावे.

कॉमिक कॉनमध्ये विनोदी कार्यक्रमही असतात का?

असतात. मुख्य मंचावर स्टँडअप करणारे, म्हणजे एकट्याने माइकवर विनोद सांगणारे कलाकार, यूट्यूबवरील मंडळी आणि संगीताची पथके यांना बोलावले जाते. भाषा प्रायः हिंदी आणि इंग्रजी. मात्र प्रामाणिकपणे सांगायचे तर प्रदर्शनाचा मोठा मंडप ही विनोदासाठी वाईट जागा आहे. छत उंच असते, बाजूच्या गेमिंग दालनातून स्फोटांचे आवाज येत असतात आणि निम्मे प्रेक्षक पुढच्या कार्यक्रमासाठी जागा धरून बसलेले असतात. विनोदाला बुटके छत, जवळ जवळ खुर्च्या आणि अंधार लागतो. त्यामुळे दिवसा मेळावा पाहावा आणि हसण्यासाठी संध्याकाळी शहरात जावे, असे आम्ही सुचवतो.

मुंबईत असे कार्यक्रम कुठे होतात?

शहरातील इंग्रजी-हिंदी स्टँडअपला स्वतःचे घर मिळाले ते २०१० साली, लोअर परळच्या मिल आवारात लंडनच्या द कॉमेडी स्टोअरची शाखा उघडली तेव्हा. पुढे त्याच जागी कॅनव्हास लाफ क्लब आला. खारमधील हॅबिटॅट हे नव्या कलाकारांचे ठिकाण म्हणून नावारूपाला आले. याखेरीज अंधेरी, वांद्रे आणि ठाणे भागांत कॅफेंच्या वरच्या मजल्यांवर, स्टुडिओंत आणि हॉटेलांच्या तळघरांत प्रयोग होत असतात. त्या जागा इतक्या झपाट्याने बदलतात, की त्यांची यादी छापणे म्हणजे ती शिळी करणे होय.

मराठीत स्टँडअप होते का?

होते, आणि गेल्या काही वर्षांत ते नाट्यगृहांपर्यंत पोहोचले आहे. सारंग साठ्ये, अनुषा नंदकुमार आणि पॉला मॅकग्लिन यांनी सुरू केलेल्या भाडिपाचा, म्हणजे ‘भारतीय डिजिटल पार्टी’ या यूट्यूब वाहिनीचा, यात मोठा वाटा आहे. मंदार भिडे यांच्यासारखे कलाकार या काळात मराठी प्रेक्षकांच्या परिचयाचे झाले. दूरचित्रवाणीवर ‘चला हवा येऊ द्या’ आणि ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ यांनी जो प्रेक्षक तयार केला तो प्रहसनाचा, म्हणजे तीन-चार पात्रांच्या स्किटचा. एकट्याने माइक धरून वीस मिनिटे बोलणे हा वेगळा व्यवहार आहे.

तो मराठीला अगदीच नवा मात्र नाही. पु. ल. देशपांडे यांनी १९६१ साली ‘बटाट्याची चाळ’ एकट्याने रंगमंचावर उभी केली. लक्ष्मण देशपांडे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या एकपात्री प्रयोगात ५२ पात्रे रंगवत आणि त्यासाठी त्यांचे नाव गिनेस बुकात गेले. एकपात्री आणि स्टँडअप यांतील भेद असा, की एकपात्रीतला नट दुसऱ्या माणसांत शिरतो, तर स्टँडअप करणारा स्वतःच्या नावाने, स्वतःच्या घरच्या गोष्टी सांगत असल्याचा आव आणतो. आव म्हणण्याचे कारण असे, की त्याची ती सहज वाटणारी अडखळसुद्धा चाळीस वेळा घोटलेली असते. तमाशातील बतावणी, म्हणजे सोंगाड्याचे विनोदी संवाद, या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी बसते.

मराठी प्रयोगांसाठी दादरचे शिवाजी मंदिर, विलेपार्ल्याचे दीनानाथ मंगेशकर नाट्यगृह, ठाण्याचे गडकरी रंगायतन आणि पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर यांच्या जाहिराती पाहाव्यात. तिकीट ॲपवर मिळते. तरीही नाट्यगृहाच्या खिडकीवर ‘प्लॅन’ पाहून, बोटाने खुर्ची दाखवून तिकीट घेण्यातली खातरी काही वेगळीच.

ओपन माइकला जाण्यात अर्थ आहे का? सगळे नवशिकेच असतात ना?

सगळे नव्हे, आणि म्हणूनच जावे. ओपन माइकमध्ये दहा-बारा जण प्रत्येकी चार-पाच मिनिटे बोलतात. त्या वेळेला ते ‘स्पॉट’ म्हणतात. त्यात पहिल्यांदाच माइक हातात धरलेला इंजिनियरिंगचा विद्यार्थी असतो आणि महिनाभरानंतरच्या मोठ्या प्रयोगासाठी नवीन विनोद पारखून पाहणारा नावाजलेला कलाकारही असू शकतो. वेळ संपत आली की मागून मोबाइलचा टॉर्च दाखवतात. नवखा तो पाहून दचकतो, मुरलेला त्याच्याकडे न पाहता शेवटचे वाक्य बरोबर बसवतो. विनोद पडला की कलाकार वहीत खूण करतो. दोन आठवड्यांनी तोच विनोद पुन्हा ऐकावा. बहुधा एक शब्द वाक्याच्या शेवटी सरकलेला असतो, आणि आता लोक हसतात. शंभर-दोनशे रुपयांत कारखाना आतून पाहायला मिळतो. मोठ्या कलाकाराच्या महागड्या प्रयोगात फक्त माल दिसतो.

पहिल्या रांगेत बसले तर कलाकार टिंगल करतो, हे खरे आहे का?

तो बोलेल हे नक्की. याला क्राउड वर्क म्हणतात. ‘काय करता? कुठून आलात? लग्न झाले का?’ असे प्रश्न येतात. त्यांना थोडक्यात आणि खरे उत्तर द्यावे. स्वतः विनोद करायला जाऊ नये, कारण माइक त्याच्या हातात आहे. नको असेल तर तिसऱ्या रांगेच्या मागे बसावे. मोबाइलवर चित्रण करू नये. अजून पक्का न झालेला विनोद बाहेर फुटला, की कलाकाराची काही महिन्यांची मेहनत वाया जाते.

लहान मुलांना नेता येईल का?

मेळाव्याला अवश्य, फक्त हरवल्यास भेटण्याची जागा आधी ठरवावी आणि मुलाच्या खिशात पालकांचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. स्टँडअपच्या जाहिरातीत वयाची अट दिलेली असते आणि बहुतेक प्रयोग प्रौढांसाठीच असतात. मराठी नाट्यगृहातील कौटुंबिक विनोदी प्रयोग हा मुलांबरोबर पाहण्याचा सुरक्षित पर्याय.

विनोदावरून होणाऱ्या वादांचा प्रेक्षकांना त्रास होतो का?

रोजच्या प्रयोगांत नाही. पण वस्तुस्थिती झाकण्यात अर्थ नाही. मार्च २०२५ मध्ये कुणाल कामरा यांच्या एका चित्रफितीवरून खारच्या हॅबिटॅटमध्ये तोडफोड झाली आणि चालकांनी ती जागा बंद करत असल्याचे जाहीर केले. अशा घटनेची झळ चित्रफीत गाजलेल्या कलाकाराला लागते तशीच, त्या मंचावर पाच मिनिटे मिळावीत म्हणून आठवडाभर थांबलेल्या वीस नवोदितांनाही लागते. त्यानंतर काही ठिकाणी प्रयोग आयत्या वेळी बदलला किंवा रद्द झाला तर आश्चर्य मानू नये. निघण्यापूर्वी तिकिटाच्या ॲपवरील सूचना पाहावी.

एकाच दिवसात मेळावा आणि संध्याकाळचा प्रयोग दोन्ही जमतील का?

जमतात, मात्र मेळाव्यातून साडेपाचपर्यंत बाहेर पडावे लागते. वांद्रे-कुर्ला संकुलात येण्यासाठी वांद्रे किंवा कुर्ला स्थानकावरून शेअर रिक्षा आणि बेस्टची बस मिळते. ऑक्टोबर २०२४ मध्ये मेट्रो ३ चा आरे ते बीकेसी (म्हणजे हेच संकुल) हा टप्पा सुरू झाल्यापासून पश्चिम उपनगरांतून येणाऱ्यांची सोय झाली आहे. सुटण्याच्या वेळी रिक्षावाले नाही म्हणतात, तेव्हा स्थानकापर्यंत चालण्याची तयारी ठेवावी. लोअर परळ किंवा खारला जायचे असेल तर वांद्र्याकडे, दादर-ठाण्याकडे जायचे असेल तर कुर्ल्याकडे निघावे. पोशाखात असाल तर कवच आणि शिरस्त्राण उतरवून मोठ्या पिशवीत भरावे. क्लबच्या दारात सामान ठेवायला जागा असतेच असे नाही, आणि डोक्यावर शिंगे असलेल्या माणसामागे बसलेला प्रेक्षक काही तासभर हसत बसत नाही.